स्थानिक स्वराज्य संस्थेच्या कंत्राटात सदस्याचे हितसंबंध असल्यास तक्रार कशी करावी

ग्रामपंचायतीच्या गटाराचे काम कोणाच्या भाच्याने घेतले किंवा नगरपरिषदेला पाइपचा पुरवठा कोणाच्या दुकानातून झाला, हे गावात सहसा कोणापासून लपत नाही. तरीही या माहितीवर केलेल्या तक्रारी बऱ्याचदा फेटाळल्या जातात. काही तक्रारींत नाते सिद्ध होते, पण कंत्राटातला पैसा सदस्यापर्यंत पोहोचतो हे सिद्ध होत नाही. काहींत पुरावा चांगला असतो, पण अर्ज ज्या अधिकाऱ्याकडे दिला त्याला निर्णयाचा अधिकारच नसतो. महाराष्ट्रातील ग्रामपंचायत, नगरपरिषद आणि महानगरपालिका यांच्याबाबत या दोन चुका कशा टाळता येतील, हे पुढे सांगितले आहे. त्यातही भर ग्रामपंचायतीवर आहे, कारण सामान्य नागरिकाला थेट अर्ज करण्याची वाट तिथे सर्वांत मोकळी आहे.

कायदा नेमके काय सांगतो

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १४ (१) (ग) नुसार, पंचायतीच्या आदेशाने झालेल्या कोणत्याही कामात, किंवा पंचायतीशी, पंचायतीने अथवा पंचायतीच्या वतीने झालेल्या कोणत्याही करारात, किंवा पंचायतीच्या नोकरीत ज्या व्यक्तीचा स्वतः अथवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा किंवा हितसंबंध असेल, ती व्यक्ती पंचायतीची सदस्य होण्यास किंवा सदस्य म्हणून राहण्यास अपात्र ठरते. नगरपरिषदा व नगरपंचायतींसाठी १९६५ च्या अधिनियमाचे कलम १६, जिल्हा परिषद व पंचायत समितीसाठी १९६१ च्या अधिनियमाचे कलम १६ आणि महानगरपालिकांसाठी १९४९ च्या अधिनियमाचे कलम १० याच आशयाचे आहे. मुंबई महानगरपालिकेला तिचा स्वतंत्र १८८८ चा कायदा लागू होतो.

या कलमांत भ्रष्टाचार झाला पाहिजे अशी अट नाही, हे नीट समजून घ्यावे. काम उत्तम झाले, दर बाजारापेक्षा कमी होते, पंचायतीचा एक रुपयाही बुडाला नाही, तरी सदस्याचा हिस्सा असेल तर अपात्रता लागू होते. त्यामुळे “रस्ता निकृष्ट आहे”, “टक्केवारी घेतली” असे आरोप या अर्जात घुसडण्याची गरज नसते. ते खरे असले तरी त्यांची चौकशी वेगळ्या ठिकाणी होते, आणि एकाच अर्जात सगळे कोंबले की मूळ मुद्दा चौकशी अहवालांच्या ढिगाऱ्यात हरवतो.

कलम १४ च्याच स्पष्टीकरणात काही अपवाद आहेत आणि अर्ज लिहिण्यापूर्वी ते वाचलेच पाहिजेत. पंचायतीशी करार करणाऱ्या कंपनीत किंवा नोंदणीकृत संस्थेत केवळ भाग (शेअर) असणे, पंचायतीची जाहिरात छापणाऱ्या वर्तमानपत्रात हिस्सा असणे, पंचायतीचे वकील म्हणून काम पाहणे, एवढ्यावरून कोणी अपात्र ठरत नाही. महाराष्ट्रात बरीच छोटी कामे मजूर सहकारी संस्थांमार्फत होतात. सदस्य अशा संस्थेचा केवळ सभासद असेल, तर अर्ज टिकण्याची शक्यता कमी असते. मात्र संस्था नावापुरती असून काम, मजूर आणि देयकाची रक्कम सदस्याच्याच हातात फिरते असे कागदावर दाखवता येत असेल, तर तो प्रश्न निराळा होतो.

नाते म्हणजे हितसंबंध नव्हे

या विषयातील सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली, मध्यप्रांत-वऱ्हाडच्या जुन्या नगरपालिका कायद्याखालील एका प्रकरणात, केवळ नातेवाईक आहे म्हणून हितसंबंध आहे असे गृहीत धरता येणार नाही, असे स्पष्ट केले होते. तिथे प्रश्न नगरपालिकेत नोकरीला असलेल्या मुलाचा होता. आजही सदस्याच्या वकिलाकडून पहिला बचाव हाच येतो: भाऊ विभक्त आहे, मुलगा स्वतंत्र राहतो, शिधापत्रिका वेगळी आहे, व्यवसाय त्याचा स्वतःचा आहे.

दुसऱ्या बाजूला २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील एका महिला पंचायत सदस्याची अपात्रता कायम ठेवली, आणि तिथे कंत्राट होते तिच्या पतीच्या नावावर. त्या निकालाचा आधार गोव्यात लागू असलेली पती-पत्नीच्या सामाईक मालमत्तेची पद्धत होती. पतीच्या कमाईत पत्नीचा हिस्सा कायद्यानेच ठरतो, म्हणून कंत्राटातही तिचा हितसंबंध आहे असे मानले गेले. महाराष्ट्रात ती पद्धत नाही. त्यामुळे हा निकाल आपल्या अर्जाला जसाच्या तसा जोडून “पतीचे कंत्राट म्हणजे पत्नी अपात्र” असे लिहिणे धोक्याचे आहे. त्यातून घेण्यासारखी गोष्ट एवढीच, की दोन्ही निकालांत न्यायालयाने नात्यापलीकडे जाऊन पैशात हिस्सा आहे का हे पाहिले.

म्हणून नातेवाइकाच्या नावावरील कंत्राटाबाबत तक्रार करताना स्वतःला पुढचे प्रश्न विचारावेत. कुटुंब एकत्र आहे का, आणि तसे दाखवणारा कागद कोणता? व्यवसाय ज्या जागेतून चालतो ती जागा सदस्याच्या नावावर आहे का? कंत्राटात वापरलेला ट्रॅक्टर, जेसीबी किंवा मिक्सर सदस्याच्या मालकीचा आहे का? देयकाची रक्कम ज्या बँक खात्यात जमा झाली त्या खात्यावर सदस्याचे नाव आहे का? निवडणुकीच्या वेळी उमेदवार स्वतःची, पती किंवा पत्नीची आणि अवलंबितांची मालमत्ता व देणी शपथपत्रावर जाहीर करतो. हा कागद सदस्याने स्वतःच लिहून दिलेला असल्यामुळे नंतर त्याला तो सहजासहजी नाकारता येत नाही. माझ्या मते तक्रारीची तयारी तिथूनच सुरू करावी.

काळही पाहावा लागतो. काम आणि देयक दोन्ही निवडणुकीपूर्वी पूर्ण झाले असेल, तर निवडून आल्यावर त्या करारात हितसंबंध उरला असे म्हणणे कठीण जाते. काम आधीचे असले तरी देयक सदस्य झाल्यानंतर निघाले असेल, तर मुद्दा उभा राहू शकतो. म्हणून कार्यारंभ आदेश, मोजमापाची नोंद, देयक मंजुरी आणि रक्कम अदा झाल्याची तारीख, या चार तारखा निवडणूक निकालाच्या तारखेशेजारी एका कागदावर लिहून ठेवाव्यात.

कागद कसे मिळवावेत

माहिती अधिकाराचा अर्ज करण्यापूर्वी जे उघड उपलब्ध आहे ते पाहून घ्यावे. ग्रामपंचायतीचा आराखडा आणि वित्त आयोगाच्या निधीतून झालेला खर्च ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर दिसतो. ई-निविदा निघालेल्या कामांची माहिती महाटेंडर्सवर मिळते. कंपनी असेल तर तिच्या संचालकांची नावे केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहता येतात.

पुरवठादाराच्या बिलावरील जीएसटी क्रमांक हा फार उपयोगी धागा आहे, आणि अनेक तक्रारदार त्याकडे पाहतही नाहीत. हा क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे असून महाराष्ट्रासाठी ते २७ असतात. त्यापुढची दहा अक्षरे म्हणजे व्यवसायाचा पॅन. पॅनचे चौथे अक्षर, म्हणजे जीएसटी क्रमांकातले सहावे, ‘पी’ असेल तर व्यवसाय एका व्यक्तीचा आहे, ‘एफ’ असेल तर भागीदारी संस्था आणि ‘सी’ असेल तर कंपनी. व्यक्तीच्या पॅनमध्ये पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर असते. जीएसटी संकेतस्थळावर करदात्याचा शोध घेतला, तर दुकानाच्या पाटीवर देवाचे नाव असले तरी नोंदणी कोणाच्या नावाने आहे आणि व्यवसायाचा मुख्य पत्ता कोणता, हे समोर येते. तो पत्ता ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधील, म्हणजे मिळकतींच्या कर आकारणी नोंदवहीतील, सदस्याच्या मिळकतीशी जुळला, तर नात्याच्या दहा दाखल्यांपेक्षा तो पुरावा वजनदार ठरतो. भागीदारी संस्था असेल तर भागीदारांची नावे निबंधक, भागीदारी संस्था यांच्या नोंदवहीतून मिळवावीत. कलमात “भागीदारामार्फत” हा शब्द मुद्दाम घातलेला आहे.

उरलेले कागद माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली मागावेत. अर्ज शुल्क १० रुपये असून न्यायालयीन मुद्रांक चिकटवून ते भरता येते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आतला असावा लागतो. “गेल्या पाच वर्षांतील सर्व कामांची सर्व माहिती द्यावी” असा अर्ज म्हणजे नकार ओढवून घेणे होय. एका कामासाठी एक अर्ज करावा आणि त्यात कागदांची नावे कार्यालयाच्या भाषेत लिहावीत. उदाहरणार्थ:

“अमुक वस्तीतील बंदिस्त गटार बांधकामाच्या संदर्भात पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात: काम मंजूर केल्याच्या मासिक सभेचे इतिवृत्त व उपस्थिती नोंदवही, अंदाजपत्रक व तांत्रिक मान्यता, निविदा किंवा दरपत्रके व तुलनात्मक तक्ता, करारनामा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, सर्व देयके व प्रमाणके, रक्कम अदा केल्याची रोकडवहीतील नोंद.”

तुलनात्मक तक्ता मिळाला की तीनही दरपत्रके एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत. हस्ताक्षर एक, शब्दातील चूक एक, दूरध्वनी क्रमांक एक, असे आढळले तर त्याची नोंद करावी. इतिवृत्तात ठरावाचा सूचक व अनुमोदक कोण होता हेही पाहावे. आपल्याच कंत्राटाच्या ठरावावर सदस्याने सही केली असेल, तर त्याला त्या कामाची माहिती नव्हती हा बचाव उरत नाही. नगरपरिषद व महानगरपालिका यांच्या कायद्यांत तर स्वतःचा हितसंबंध असलेल्या विषयावर मतदान करणे हेही पद गमावण्याचे कारण ठरते.

माहिती ३० दिवसांत मिळाली नाही तर पुढील ३० दिवसांत प्रथम अपील करावे आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाकडे ९० दिवसांत द्वितीय अपील करता येते. आयोगाकडील प्रतीक्षा लांबते, म्हणून अभिलेख प्रत्यक्ष पाहण्याची मागणीही सोबत करावी. २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय व त्याखालील कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. सदस्याचे वैयक्तिक बँक विवरण किंवा आयकर विवरण मात्र या मार्गाने मागू नये. वैयक्तिक माहितीचा अपवाद सांगून नकार येईल आणि वेळ जाईल. पंचायतीने कोणत्या खात्यात किती रक्कम जमा केली, हा पंचायतीचाच अभिलेख आहे, तो मागावा.

अर्ज कोणाकडे आणि कसा

ग्रामपंचायत सदस्य किंवा सरपंच यांच्याबाबत अर्ज कलम १४ (१) (ग) सह कलम १६ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा असतो. कलम १६ नुसार कोणतीही व्यक्ती हा अर्ज करू शकते. अर्जदार त्या पंचायतीचा सदस्य असण्याची गरज नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी शक्यतो ६० दिवसांत निर्णय द्यावा असे कायदा म्हणतो, आणि सदस्याला बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय त्याच्याविरुद्ध आदेश करता येत नाही. प्रत्यक्षात ६० दिवस क्वचितच पाळले जातात.

नगरपरिषद व नगरपंचायतीच्या नगरसेवकांबाबत १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ४४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडेच अर्ज करता येतो. महानगरपालिकेची वाट मात्र अवघड आहे. तिथे अपात्रतेचा प्रश्न कलम १२ नुसार न्यायाधीशांकडे जातो आणि तो तिथे नेण्याचा अधिकार नगरसेवकांना व महापालिकेच्या वतीने आयुक्तांना दिलेला आहे. नागरिकाने आयुक्तांना पुराव्यांसह लेखी निवेदन द्यावे आणि हा प्रश्न पुढे नेण्यास तयार असलेला एखादा नगरसेवक शोधावा, हेच व्यवहार्य ठरते.

हा अर्ज लोकशाही दिनात देऊ नये. अर्धन्यायिक स्वरूपाची प्रकरणे तिथे घेतली जात नाहीत, आणि दोन महिन्यांनी “आपला अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग केला आहे” एवढेच उत्तर हाती येते. गटविकास अधिकाऱ्यांकडे दिलेल्या अर्जाचेही बहुधा तेच होते. निनावी अर्ज तर दप्तरी दाखल होतो, म्हणजे कारवाईविना बंद होतो.

अर्जाचा मजकूर दोन-तीन पानांत बसवावा. सुरुवातीला अर्जदार व सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो सदस्य) यांची नावे व पत्ते, सदस्य कोणत्या प्रभागातून कधी निवडून आला, त्यानंतर कंत्राटाची हकीकत तारखांच्या क्रमाने, आणि प्रत्येक वाक्यापुढे त्याला आधार देणाऱ्या कागदाचा अनुक्रमांक लिहावा. ज्या वाक्यापुढे कागद नाही ते वाक्य काढून टाकण्याचा विचार करावा. शेवटी मागणी सरळ असावी: “सामनेवाला हे अधिनियमाच्या कलम १४ (१) (ग) खाली अपात्र झाले असल्याने त्यांचे सदस्यपद रिक्त झाल्याचे कलम १६ अन्वये घोषित करण्यात यावे.” सोबत सत्यप्रतिज्ञापत्र, कागदपत्रांची यादी आणि माहिती अधिकारात मिळालेल्या साक्षांकित प्रती जोडाव्यात. आवक शिक्का व क्रमांक घेतलेली एक प्रत जपून ठेवावी. पुढच्या प्रत्येक पाठपुराव्यात पहिला प्रश्न आवक क्रमांकाचाच असतो.

भाषेवर ताबा हवा. “लुटारू”, “टोळी” असे शब्द अर्जाला बळ देत नाहीत, उलट राजकीय वैराचा बचाव सामनेवाल्याला आयता मिळतो. अधिकार असलेल्या अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेल्या तक्रारीला अब्रुनुकसानीच्या कायद्यात अपवाद आहे. तोच मजकूर गावच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला, की ते संरक्षण सोबत येत नाही. खोटी माहिती जाणूनबुजून देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली गुन्हा आहे, याचीही जाण ठेवावी.

सुनावणीच्या वेळी

जिल्हाधिकारी बहुधा गटविकास अधिकारी किंवा तहसीलदारांकडून अहवाल मागवतात. अहवालाची प्रत मागून घ्यावी आणि त्यातील चुकांवर लेखी म्हणणे द्यावे. चौकशी अधिकारी गावात येऊन ज्यांचे जबाब घेतात ते अनेकदा सामनेवाल्याच्याच ओसरीवर बसलेले असतात, म्हणून आपल्या साक्षीदारांची नावे आधीच लेखी द्यावीत. प्रत्येक तारखेला हजर राहावे. अर्जदार सतत गैरहजर राहिला तर अर्ज निकाली निघतो, आणि तारखा पडत राहतात त्या बहुतेक वेळा अर्जदार कंटाळेपर्यंत. सदस्याची मुदत संपत आली असेल तर लवकर सुनावणीसाठी स्वतंत्र अर्ज द्यावा, कारण मुदत संपल्यावर पद रिक्त घोषित करण्याच्या मागणीला अर्थ राहत नाही.

सोबतचे इतर मार्ग

कर्तव्यात गैरवर्तन केल्याबद्दल सरपंच किंवा सदस्याला पदावरून दूर करण्याचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली विभागीय आयुक्तांना आहे आणि त्यासाठी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांमार्फत चौकशी होते. बनावट दरपत्रके, न झालेल्या कामाचे देयक अशा गोष्टी तिथे मांडाव्यात. ग्रामपंचायत अधिकारी, अभियंता किंवा लिपिक यांचा नातेवाईक कंत्राटदार असेल, तर अपात्रतेची कलमे लागू होत नाहीत; त्यांच्यासाठी वर्तणूक नियम आहेत आणि तक्रार त्यांच्या नियुक्ती प्राधिकाऱ्याकडे करावी लागते. लाचेची मागणी असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. मात्र लोकसेवकाने पदावर असताना घेतलेल्या निर्णयाची चौकशी करण्यासाठी २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम १७ अ खाली पूर्वमान्यता लागते, त्यामुळे केवळ “कंत्राट नातेवाइकाला दिले” एवढ्या तक्रारीवर तिथे लगेच हालचाल होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

सुरक्षिततेबद्दल थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. तक्रारदारांच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा २०१४ साली संमत झाला, पण तो अंमलात आणला गेलेला नाही. तळेगाव दाभाडे येथील माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला, तो महाराष्ट्राने पाहिला आहे. गावपातळीवर अर्जदाराचे नाव झाकून राहत नाही. शक्य असेल तर अर्ज तीन-चार जणांनी मिळून करावा, कागदांचा एक संच गावाबाहेर ठेवावा आणि धमकी आली तर तोंडी न राहता त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन तिची प्रत अपात्रतेच्या प्रकरणातही दाखल करावी.

आदेश झाल्यावर

जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध १५ दिवसांत अपील करता येते आणि ग्रामपंचायतीच्या प्रकरणात ते विभागीय आयुक्तांकडे चालते. अर्ज फेटाळला गेला असेल तर आदेशाची साक्षांकित प्रत त्याच दिवशी मागावी. अर्ज मंजूर झाला असेल तर सामनेवाला स्थगिती मिळवण्यासाठी धावणार हे गृहीत धरावे आणि आपल्याला न ऐकता स्थगिती मिळू नये म्हणून उच्च न्यायालयाच्या संबंधित खंडपीठात कॅव्हेट दाखल करावे. ते ९० दिवस चालते, त्यानंतर पुन्हा दाखल करावे लागते.